घरात डायलॉग मारणारी माणसं: जवळीक की नुसता टाइमपास?

प्रश्न थोडक्यात असा. सासू-सासरे, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि दोन मुलं असं एकत्र कुटुंब. मालिकांमधले, सिनेमातले डायलॉग मारायची सवय घराला पूर्वीपासूनची. विचारणाऱ्या बाई थोरल्या सूनबाई आहेत. त्या लिहितात, ‘मी या घरात रुळले ती या सवयीमुळेच. पण आता पंधरा वर्षांचा मुलगा त्यात येत नाही, फोनमध्ये असतो. आणि वर्षभरापूर्वी आलेली धाकटी जाऊ अशा वेळी गप्प होते आणि आत निघून जाते. हा विनोद खरंच घर जोडतो का, की आम्ही आपले उगाच खूश?’

जोडतो. कुटुंबांसाठी समुपदेशनाचं काम करताना मी पहिल्या भेटीत तक्रारी ऐकतेच, पण कानाचा एक कोपरा दुसरीकडे असतो: या माणसांची आपापसातली ठरलेली वाक्यं आहेत का? कडकडून भांडत आलेल्या घरातही मधेच कोणाच्या तोंडून असं एखादं वाक्य निसटतं आणि क्षणभर सगळ्यांचे चेहरे सैल होतात. जिथे एकही वाक्य निघत नाही, तिथे माझं काम लांबतं. पण तुमच्या जाऊबाई उठून आत जातात हेही तितकंच खरं आहे, म्हणून नुसतं ‘जोडतो’ म्हणून मला थांबता येत नाही.

आधी हे समजून घेऊ की त्याच त्या वाक्याला आपण दोनशेव्यांदा का हसतो. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९९० च्या सुमारास एक साधं काम हाती घेतलं. ते आणि त्यांचे विद्यार्थी मॉलमध्ये, फुटपाथवर, विद्यापीठाच्या आवारात लोकांचं हसणं ऐकत हिंडले आणि हसण्याच्या लगेच आधी काय बोललं गेलं ते टिपून ठेवलं. असे सुमारे १२०० प्रसंग जमले. त्यात ज्याला विनोद म्हणता येईल असं बोलणं २० टक्क्यांच्याही आत निघालं. बाकी सगळं ‘बरं, निघतो मी’, ‘होतास कुठे इतके दिवस’ या धर्तीचं. एकटा असताना माणूस हसतो त्याच्या ३० पट जास्त तो चार जणांत हसतो, हेही त्यांच्याच निरीक्षणातलं. म्हणजे हसू येतं ते बहुतेक वेळा समोरच्या माणसामुळे. विनोद हे निमित्त.

आता तुमच्या घराकडे बघा. ऐकलेला जोक दुसऱ्यांदा सांगितला की पडतो. ‘दया, दरवाजा तोड दो’ मात्र बाथरूममध्ये कोणी अर्धा तास अडकून बसलं की दर वेळी चालतं. ‘सीआयडी’ सोनीवर १९९८ पासून वीस वर्षं चालली आणि त्यातला एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आपलेच. त्यामुळे हाताची पाच बोटं हवेत फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणणारा एक तरी माणूस महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सापडतो. आमटी करपली, वायफाय गेलं, मुलगा न सांगता अभ्यासाला बसला, कशालाही हे वाक्य बसतं. त्यात नवीन काहीच नसतं, आणि ते नवीन नसणं हाच त्याचा उपयोग. ते शाळेतल्या हजेरीसारखं असतं. नाव पुकारायचं, कोणीतरी ‘हजर’ म्हणायचं.

म्हणून मी लोकांना सांगते, वाक्य सुरू कोण करतं ते सोडा, पुढचं कोण म्हणतं ते बघा. दारावरची बेल वाजली की पोळ्या लाटता लाटता एखादी आई विचारते, ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ आतल्या खोलीतून सासऱ्यांचं उत्तर आलं, तर त्या दोघांचं ठीक चाललंय. सकाळी औषधाच्या गोळ्यांवरून वाद झालेला असला तरी ठीक चाललंय. एरवी सुनेशी कामापुरतं बोलणारा सासरा इथे न चुकता उत्तर देतो, कारण या वाक्यात त्याला काही कबूल करावं लागत नाही, ‘सॉरी’ म्हणावं लागत नाही. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या पुरुषांना मायेने बोलायची सवय कोणी लावली नाही. त्यांची माया बऱ्याचदा अशा आडवाटेने येते. ही आडवाट बुजवू नका.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ ची. मुद्दाम सांगते, कारण आज तिचे डायलॉग पाठ असणारे अर्धे लोक तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांना ती मिळाली टीव्हीवर, मे महिन्याच्या सुट्टीत, पुन्हा पुन्हा लागणारी, आत्या-मामांसकट बघितलेली. घराची ठरलेली वाक्यं तयार व्हायला दोन गोष्टी पुरतात: तेच ते परत दिसणं आणि सगळ्यांनी ते एका खोलीत बघणं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि बराच काळ आपल्याला एकच चॅनल होतं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळा वाडा किंवा सगळी चाळ. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ बघितलेली पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि जाड्या-बारक्या मित्रांची जोडी दिसली की अजूनही त्यांच्या तोंडून तीच नावं निघतात. १९९५ ला ‘हम पांच’ आलं, त्यात पाच मुलींचा त्रासलेला बाप झाले होते अशोक सराफ. ‘आंटी मत कहो ना’ आपल्याकडच्या कित्येक तरुण मावश्यांनी त्यातून उचललं. मग अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं एका छपराखाली, कोणी खलनायक नाही, साप नाही, विष नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये ‘आमचे आबा’ असं आजोबांबद्दल कौतुकाने म्हणणारे अजून भेटतात आणि त्यात टिपऱ्यांचे आबाही थोडे असतात.

त्या काळात हे आपोआप घडत होतं, कारण दुसरा पर्यायच नव्हता. उगाच गहिवरायला नको. एका टीव्हीवरून भांडणंही भरपूर व्हायची, आणि रिमोट कोणाच्या हातात यावरून घरात सत्ता कोणाची ते कळायचं. पण आता चार माणसांच्या घरात चौघं चार पडद्यांवर चार वेगवेगळ्या गोष्टींना हसतात. हसणं कमी झालेलं नाही. एकमेकांना ऐकू येत नाही, इतकंच. तुमचा मुलगा खोलीत एकटा खिदळतो तेव्हा तो उदास नाही याचा आनंद माना. अडचण एवढीच आहे की त्याच्या हसण्यातलं एकही वाक्य जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

डायलॉग मारणं उथळपणाचं आहे, असं एखाद्या नातेवाइकाने तुम्हाला ऐकवलं असेल तर त्यांना हे सांगा. कॅन्सस स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तरुण मुलामुलींना विचारलं होतं, की बोलताना तुम्ही सिनेमातली वाक्यं वापरता का. जवळजवळ सगळेच वापरत होते. वाक्यं बहुतांशी विनोदी सिनेमांतली. माहिती देणं, मत मांडणं वगैरे हेतू मागे. स्वतःला आणि समोरच्याला मजा यावी हा पुढे. मला यात उथळ काही दिसत नाही. ‘साराभाई’मधली माया साराभाई सुनेला ‘मिडल क्लास’ म्हणते, ते वाक्य आपण घरी वापरतो ते दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालताना, श्रीखंडाचे डबे साठवताना, हॉटेलातल्या टिश्यू पर्समध्ये टाकताना. म्हणजे आपण कोण आहोत, कुठून आलो, हे सगळं एका शब्दात मान्य करून त्यावर हसतो. ही काही कमी समज नाही.

आता खरा भाग. अवघड बोलणं सुरू करायला ही वाक्यं जेवढी उपयोगी पडतात तेवढं माझ्या माहितीत दुसरं काही पडत नाही. एका घरात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बारावीच्या मार्कांवरून बाप-लेकाचं बोलणं बंद झालं होतं. मुलगा खोली बंद करून बसायचा, बाप बाहेर पेपर वाचल्याचं नाटक करायचा आणि आई मधल्या मध्ये निरोप्याचं काम करायची. मी त्यांना मोठा उपाय काही दिला नव्हता. एवढंच विचारलं होतं की हे सगळं व्हायच्या आधी तुम्ही दोघं एकत्र काय बघायचात. ‘सीआयडी.’ पुढे काय झालं ते आईने सांगितलं. एका रात्री वडील बंद दारासमोर जाऊन उभे राहिले आणि पुष्कळ वेळ घुटमळून, अगदी पडेल आवाजात म्हणाले, ‘दया…’ आतून उत्तर आलं, ‘तोडू नका, उघडतोय. डिपॉझिट जाईल.’ घर भाड्याचं होतं. त्यानंतर ते दोघं मार्कांबद्दल बोलले आणि भांडलेही, पण दार उघडं ठेवून.

वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन अशा धडपडीला दुरुस्तीचा प्रयत्न म्हणतात. भांडण चिघळू नये म्हणून कोणीतरी मधेच केलेली थट्टा, पुढे केलेला हात, काहीही चालतं. त्यांच्या निरीक्षणातला मला सगळ्यात कामाचा वाटलेला भाग असा: प्रयत्न किती सफाईदार होता याला फार किंमत नसते. समोरच्याने तो स्वीकारला का, यावर पुढचं ठरतं. वरच्या गोष्टीतला बाप नट म्हणून शून्य होता. मुलाने ‘मला झोपायचंय’ म्हटलं असतं तर तो दिवस वाया गेला असता.

आणि स्वीकारणं हे वेळेवर अवलंबून असतं. माणूस रडत असताना, नुकताच अपमान गिळून आलेला असताना, किंवा ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ अशी सुरुवात त्याने केलेली असताना डायलॉग मारायचा नाही. कितीही सुचला तरी. भांडणाचा आवाज चढत असताना मारला तर बहुतेक वेळा तो टोमणा म्हणून ऐकू जातो. राग थोडा उतरला, दोघं एकमेकांना टाळत स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले, ती वेळ बरी. नवऱ्यांना हे शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. विनोदी नवरा ही अनेक बायकांची तक्रार असते, हे कळलं की नवरे चकित होतात. एका बाईंचं वाक्य होतं, ‘मला चक्कर येते म्हटलं तरी हे म्हणतात, लॉक किया जाए?’ २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं तेव्हापासून ते वाक्य घराघरांत भाजी ठरवायला, मुलगी बघायला, फ्लॅट घ्यायला वापरलं गेलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चक्कर येणाऱ्या बाईला खुर्ची द्यायची असते. ज्या घरात प्रत्येक गोष्टीची चेष्टा होते, तिथे खरं दुखणं सांगायला जागा उरत नाही, आणि मग ते माझ्यासारखीच्या खोलीत येऊन सांगावं लागतं. अशा घरांना मी एकच नियम घालून देते: कोणीही ‘मस्करी नको, ऐक’ म्हटलं की विनोद तिथल्या तिथे बंद. लहान मुलाने म्हटलं तरी बंद.

आता तुमच्या जाऊबाई. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की दीर त्यांना गमतीने ‘कोमोलिका’ म्हणतात. तो तपशील जाता जाता लिहिण्याचा नव्हता. ‘कसौटी जिंदगी की’ २००१ पासून चालली, कोमोलिका त्यातली घर फोडणारी बाई. नथ, टिकली, तिरकी नजर, मागे तिचं नाव गुणगुणणारं संगीत. नव्या सुनेने नटून खोलीबाहेर पाऊल टाकताच अख्ख्या घराने ते संगीत म्हणायचं, यात घराला मजा येत असेल. पण ती सून वर्षभरापूर्वी आपलं घर सोडून आली आहे, आणि तिच्या वाट्याला आलेली भूमिका खलनायिकेची आहे. ती हसून दाखवत असेल. हसून दाखवणं आणि हसणं यातला फरक ओळखायला शिका: हसणारा माणूस तिथेच थांबतो.

विनोदाच्या पद्धतींवर रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसं विनोद कशी वापरतात हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात चार तऱ्हा आहेत: माणसं जोडणारा विनोद, कठीण काळात स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि स्वतःलाच कमी लेखून इतरांना हसवणारा विनोद. मला अडचण वाटते ती शेवटच्या दोन तऱ्हांची, कारण आपल्याकडे त्या सहज खपून जातात. शालजोडीतले मारण्याचं आपल्याला कौतुकच आहे, आणि पुण्याच्या बाजूला तर त्याचा अभिमान. रंगावरून, वजनावरून, टक्कलावरून, माहेरच्या बोलीवरून मारलेल्या कोपरखळ्या ‘अगं गंमत केली, एवढं काय लावून घेतेस’ या वाक्याने झाकल्या जातात. चौथी तऱ्हा त्याहून फसवी. घरातला एखादा जाडसर मुलगा स्वतःच्या जाडपणावर सगळ्यांच्या आधी विनोद करायला लागतो, पाहुण्यांना खूप हसवतो, आणि ‘आमचा बंड्या भारी विनोदी’ म्हणून सगळे खूश असतात. कोणी टोचायच्या आत स्वतःच टोचून घ्यायला शिकलेलं मूल असतं ते.

टोचणं कुठलं आणि लाड कुठला, हे ओळखायची माझी एक पद्धत आहे आणि ती आजवर फारशी चुकलेली नाही. विनोद उलट फिरवता येतो का ते बघायचं. पुष्कळ घरांत विनोद वरून खाली वाहतो. सासऱ्यांनी सुनेची फिरकी घ्यायची, थोरल्याने धाकट्याची, नवऱ्याने बायकोची. उलट दिशेने आलं की तो उद्धटपणा. ज्या घरात बारा वर्षांची नात आजोबांना ‘आजोबा, किती मिडल क्लास!’ म्हणू शकते आणि आजोबा हातातली रबरबँड तशीच कपाटाच्या मुठीला अडकवत हसतात, त्या घरात विनोदाने सगळ्यांना सारखी जागा दिलेली असते. तुमच्या जाऊबाईंनी दिरांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, सगळ्यांसमोर तसंच एखादं नाव दिलं तर काय होईल? सासूबाईंना दिलं तर? उत्तर द्यायला तुम्हाला वेळ लागत असेल तर ते नाव बंद करायला हवं, आणि बंद करण्याचं काम तुमचं. थोरल्या सुनेने ‘मला ते आवडत नाही’ म्हटलं की वजन पडतं. जाऊबाईंनी म्हटलं तर त्या ‘मनाला लावून घेणाऱ्या’ ठरतील.

बाहेरून आलेल्या माणसाला घरातली वाक्यं कळत नाहीत हा दुसरा, जरा सोपा प्रश्न. तुम्ही ‘सत्तर रुपये वारले’ म्हणून लोटपोट हसता आणि त्या बघत राहतात. त्यांनी सिनेमा बघितला असला तरी तुमच्या घरात ते वाक्य कोणाच्या बुडालेल्या उधारीवरून सुरू झालं हे त्यांना कसं कळणार? सिनेमातलं वाक्य सगळ्यांचं असतं, पण घरात त्याला चिकटलेला किस्सा फक्त घराचा असतो. म्हणून आधी किस्सा सांगा. पूर्ण, रंगवून, त्यात कोणाची फजिती झाली त्याच्याच तोंडून. त्यांना ‘अगं तुला नाही माहीत?’ असं विचारू नका. ‘थांब, हे तुला सांगायलाच हवं’ असं म्हणा. ऐकणारी व्यक्ती एकदा किश्शाची वाटेकरी झाली की पुढच्या वेळी ती तुमच्याकडे बघते आणि वाक्य पूर्ण व्हायची वाट बघते.

हे झालं निम्मं. उरलेलं निम्मं बहुतेक घरं विसरतात. त्यांच्या माहेरची वाक्यं विचारा. प्रत्येक घराची असतात. त्या नागपूरकडच्या असतील तर वऱ्हाडी बोलीतली असतील, कोकणातल्या असतील तर एखादी मालवणी शिवीही निघेल. त्यांच्या वडिलांच्या लकबी, भावाबरोबर रात्री बघितलेली मालिका, एखाद्या जाहिरातीचं मोडतोड केलेलं गाणं. त्यातलं एक जरी तुमच्या स्वयंपाकघरात रुजलं आणि सासूबाईंनी नकळत वापरलं, तर मला वेगळं काही विचारावं लागणार नाही. सून आल्यावर वर्ष उलटूनही घराच्या बोलण्यात तिचा एकही शब्द आलेला नसेल, तर ती अजून पाहुणीच आहे.

पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल तुम्ही जास्त काळजीत दिसता, मी कमी आहे. या वयात आईवडिलांच्या विनोदाला न हसणं हे त्याचं कामच आहे. त्याच्या रील्समधलं एखादं वाक्य शिकून त्याच्यासमोर टाकू नका, तो ‘क्रिंज’ म्हणून कपाळाला हात लावेल. (तसं झालं तर मात्र तेच तुमचं घरगुती वाक्य होऊ शकतं. माझ्या ओळखीच्या एका घरात आई प्रत्येक गोष्टीला मुद्दाम चुकीच्या ठिकाणी ‘क्रिंज’ म्हणते आणि मुलं मरेस्तोवर हसतात.) त्याऐवजी त्याला म्हणा, तू जे बघतोस त्यातलं एक आम्हाला दाखव. आणि मग वीस मिनिटं तोंड उघडू नका. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’, ‘आमच्या वेळी बघ कसे स्वच्छ विनोद होते’, यातलं काही नको. मुलं मोठ्यांना आपलं आवडतं काही दाखवतात तेव्हा ती पडद्याकडे कमी बघतात, आपल्या चेहऱ्याकडे जास्त.

घरातल्या जुन्या गोष्टींचा मुलांना काय उपयोग, यावर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हश यांनी काम केलं. ‘तुझे आजी-आजोबा कुठे वाढले?’, ‘तुझ्या आईवडिलांची भेट कशी झाली?’ अशा धर्तीचे २० प्रश्न त्यांनी मुलांना विचारले. ज्यांना जास्त उत्तरं माहीत, ती मुलं स्वतःबद्दल जास्त खंबीर आढळली. पण त्यांनीच पुढे बजावलं, की ही उत्तरं घोकून घेऊन काही होणार नाही. ज्या घरात सगळे एकत्र जेवतात आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतात, तिथल्या मुलांना ती उत्तरं माहीत असतात. गुण त्या बसण्याचा आहे. डायलॉगचं अगदी तसंच. पाठ करायला लावून होत नाही. ‘चला, आता सगळे मिळून हसू’ असं म्हणून बसवलेली फॅमिली टाइमची संध्याकाळ मी पाहिली आहे, शोकसभेत जास्त हसतात लोक.

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा एक पडदा, बाहेरच्या खोलीत, आणि काय बघायचं ते आळीपाळीने ठरवायचं. सिनेमापेक्षा छोटे भाग बरे. तीच पात्रं परत परत येतात, त्यांच्या लकबी कळतात आणि वाक्यं आपोआप तोंडात बसतात. ‘चला हवा येऊ द्या’मधलं ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे’ लोकांच्या तोंडी बसलं ते दर भागात ऐकून ऐकून. सोनी मराठीवरच्या ‘हास्यजत्रे’तलं एखादं स्किट जेवण झाल्यावर ताटं न उचलता बघून होतं. जेवताना टीव्ही नको असं आहारतज्ज्ञ सांगतात, त्यांचं बरोबर आहे, म्हणून जेवण झाल्यावर म्हटलं. बघताना बोलायला परवानगी असली पाहिजे. शांतता पाळून बघितलेल्यातून घरची वाक्यं जन्मत नाहीत. ती जन्मतात आजी मधेच ‘हा आपल्या सदूभाऊंसारखा दिसतो की नाही’ म्हणते त्यातून.

तुमचे सासरे ऐंशीच्या घरात आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलणं गेलेल्या काही माणसांना स्वतःचं नवीन वाक्य जुळवता येत नाही, पण शंभरपर्यंत आकडे, शुभंकरोती, एखादी आरती, रागातली शिवी हे सलग येतं. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. विसरभोळेपणाच्या आजारातही नातवाचं नाव अडतं, पण ‘धनंजय माने’ म्हटल्यावर पुढचं वाक्य तोंडातून निघून जातं, हे मी घरांमध्ये पाहिलेलं आहे. तो आजार बरा होत नाही त्याने. पण त्या दिवशी आजोबांशी बोलणं झालं असं नातवाला वाटतं, आणि आजोबांनाही परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. ‘ओळखलंत का मला?’ असं दहा वेळा विचारण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

परदेशात राहणाऱ्या नातवंडांनाही हेच लागू. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला आजीशी पाच मिनिटं मराठीत गप्पा मारता येत नाहीत. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का’, ‘हो’, ‘काय जेवलास’, ‘पास्ता’ एवढ्यावर गाडी थांबते. पण एक मराठी डायलॉग तो अचूक हेल काढून म्हणू शकतो, कारण तो त्याने बाबांकडून शंभरदा ऐकलेला असतो. आजी पुढचं म्हणते. शब्दसंग्रह नंतर वाढेल.

एक सावधगिरी. घरातलं माणूस गेलं की त्याची वाक्यं मागे राहतात, आणि ती कधी म्हणायची याचं वेळापत्रक नसतं. कोणाला पहिल्या आठवड्यातच त्यावर हसू येतं, कोणाला वर्षभर ते ऐकवत नाही. दोघंही एकाच घरात असू शकतात. ज्याला सगळ्यात जास्त लागलंय त्याने सुरुवात करेपर्यंत इतरांनी थांबावं, एवढं मी सांगते.

तर तुमच्यापुरतं. ‘कोमोलिका’ आजपासून बंद. दिरांशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर त्यांचीच शाळा घेऊ नका. जाऊबाईंबरोबर भाजी निवडताना त्यांच्या माहेरच्या गमती विचारा आणि तुमच्या पहिल्या वर्षातल्या फजित्या सांगा, तुम्हीही एकेकाळी काही न कळता हसत होतात हे त्यांना कळू दे. या शनिवारी काय बघायचं ते त्यांना ठरवू दे, पुढच्या शनिवारी मुलाला. दोन महिन्यांनीही त्या तशाच आत निघून जात असतील तर कारण विनोदाच्या बाहेरचं असेल. मग दार लावून, चहा घेऊन, सरळ विचारा. त्या वेळी डायलॉग नको.